सोसायटीच्या फलकावरची भाषा: नुसते शब्द बदलून भागेल का?

घोडबंदरकर
नमस्कार. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत सात मजल्यांच्या चार इमारती, एकूण ११२ सदनिका, अशी आमची सोसायटी आहे. सूचना फलक, गेटवरची हजेरी वही, देखभाल बिलं आणि सभेचं इतिवृत्त यांची भाषा सुधारायचं काम कार्यकारिणीने माझ्याकडे दिलं आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे त्याआधी नमुने तयार हवेत.

फलकावर आज जे आहे ते जसंच्या तसं देते.

(अ) "सर्व मोलकरणी, ड्रायव्हर व डिलिव्हरी बॉय यांनी मागच्या लिफ्टचाच वापर करावा. पुढच्या लिफ्टमध्ये आढळल्यास गेटपास रद्द करण्यात येईल."
(आ) "सर्व सन्माननीय सभासदांना नम्र विनंती आहे की कृपया आपले वाहन आपल्याच जागेत लावावे."
(इ) "भाडेकरूंना सक्त ताकीद देण्यात येते की रात्री ११ नंतर पाहुणे आणू नयेत."
(ई) बिलावर सरसकट "श्री. अमुक". सदनिका बायकोच्या नावावर असली तरी.

मोलकरीणऐवजी "मदतनीस" आणि वॉचमनऐवजी "सुरक्षा रक्षक" लिहावं, असं कार्यकारिणीतल्या बहुतेकांचं मत आहे. एवढं केलं की झालं, असं त्यांना वाटतं. मला ते पुरेसं वाटत नाही, पण नेमकं काय राहून जातं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. दोन-तीन जण "नावात काय आहे, काम होण्याशी मतलब" असंही म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यावं? फलकाजवळून जाणाऱ्यांत मराठी न वाचणारेही पुष्कळ आहेत, तेही ध्यानात घेऊन सांगा.

क्रियापद
तुमची शंका रास्त आहे. मराठीत माणसाची पायरी नामापेक्षा क्रियापदात जास्त दिसते. एकच उदाहरण घ्या. "रिक्षावाले खाली थांबलेत" आणि "रिक्षाचालक खाली थांबलाय". पहिल्या वाक्यात शब्द साधा आहे, तरी त्या माणसाचा मान राखलेला आहे. दुसऱ्यात शब्द कागदोपत्री शुद्ध आहे, पण क्रियापदाने माणूस खाली उतरवला. "मदतनीस आली का?" या प्रश्नात "मोलकरीण आली का?" पेक्षा कुठलाही आदर नाही. "अमुकबाई आल्या का?" म्हटलं की मात्र फरक पडतो. खरं तर मोलकरीण हा शब्द "मोल" घेऊन काम करणारी असाच आहे, शिवी नव्हे. वर्षानुवर्षं त्याला एकवचनी क्रियापद चिकटत गेलं आणि शब्दाची किंमत उतरली. उद्या "मदतनीस"लाही तेच चिकटेल, आणि दहा वर्षांनी पुन्हा नवा शब्द शोधावा लागेल.

आता तुमचे नमुने एकापुढे एक ठेवून वाचा. (अ) आणि (आ) या दोन्हींत क्रियापदाचं रूप तेच आहे: वापर करावा, लावावे. व्याकरणात दोघांना सारखंच विध्यर्थी रूप मिळालं आहे. फरक आहे तो भोवतालच्या मजकुरात. सभासदांना "सन्माननीय", "नम्र विनंती" आणि "कृपया" असे तीन थर मिळाले, आणि नियम मोडल्यास काय होईल याचा उल्लेखच नाही. कामगारांना एकही थर नाही आणि दुसऱ्याच वाक्यात शिक्षा आहे. भाडेकरूंना थेट "सक्त ताकीद". फलक वाचणाऱ्याला सोसायटीतल्या तीन पायऱ्या एका नजरेत कळतात, आणि त्यातला एकही शब्द असभ्य नाही.

दुसरी जागा "आढळल्यास" आणि "रद्द करण्यात येईल". आढळणार कोणाला? रद्द कोण करणार? कर्ता गाळला की निर्णय आभाळातून पडल्यासारखा वाटतो, आणि ज्याचा पास गेला त्याला दाद कुणाकडे मागायची तेच कळत नाही. या एका वाक्याने गेटवरच्या कोणालाही कोणाचाही पास काढून घ्यायची मुभा मिळते. प्रत्यक्षात तसंच होतं: एखाद्या सभासदाने फोन करून सांगायचं आणि रक्षकाने पास ठेवून घ्यायचा. म्हणून शिक्षेच्या प्रत्येक वाक्यात कर्ता, कारण आणि दाद मागायची जागा या तिन्ही गोष्टी असल्याच पाहिजेत. "पास रद्द करण्याचा निर्णय फक्त सचिव लेखी देतील, कारण लिहितील, त्याआधी त्या व्यक्तीचं म्हणणं ऐकतील आणि तक्रार अध्यक्षांकडे देता येईल" असं लिहिलं की वाक्य लांबतं, पण मनमानीला जागा उरत नाही.

(अ)मध्ये भाषा धुऊन उपयोग नाही, कारण तिथे नियमच चुकीचा आहे. मागची लिफ्ट कशासाठी ठेवायची हे सामानावरून ठरवा, माणसावरून नको. "गॅस सिलिंडर, फर्निचर, बांधकामाचा माल आणि मोठी खोकी मागच्या लिफ्टने न्यावीत. बाकी सर्वांनी कोणतीही लिफ्ट वापरावी." हा नियम सोफा नेणाऱ्या सभासदालाही लागू होतो आणि रिकाम्या हातांनी येणाऱ्या कामगाराला मोकळं सोडतो. मूळ नियम तसाच ठेवून "मदतनीस भगिनींनी कृपया मागील लिफ्ट वापरावी" असं लिहिलंत, तर ते आजच्यापेक्षा वाईट होईल. आज निदान भेद उघड दिसतो.

"नावात काय आहे" म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका. सभेत एक प्रयोग करा. (इ)मधला "भाडेकरूंना" हा शब्द काढून तिथे "सभासदांना" घाला आणि पूर्ण सूचना मोठ्याने वाचा. "सभासदांना सक्त ताकीद देण्यात येते की रात्री ११ नंतर पाहुणे आणू नयेत." सभागृहात जी चुळबुळ होईल तीच उत्तर. अदलाबदल केल्यावर जी सूचना खटकते ती मूळ जागीही खटकायला हवी. फलकावरचा प्रत्येक कागद या कसोटीवर घासून घ्या. एका कागदाला अर्धं मिनिट पुरतं.

तू-तुम्हीबद्दल एक खुलासा, कारण सभेत तो मुद्दा निघणारच. "तू" हा अपमान नाही. आईला तू, देवाला तू, आणि ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी बोलींत वडीलधाऱ्यांनाही मोकळेपणाने तू म्हणतात. अपमान एकतर्फीपणात असतो. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतल्या अशाच सर्वनामांचा अभ्यास करून हे मांडलं: दोघं एकमेकांना तेच सर्वनाम वापरतात तेव्हा जवळीक किंवा परकेपणा कळतो, आणि एकजण "तू" म्हणतो व दुसऱ्याला "तुम्ही" म्हणावं लागतं तेव्हा सत्ता कळते. मराठीला हे चपखल बसतं. साठीच्या रक्षकाला पंचविशीतला सभासद "ए, इकडे ये" म्हणतो आणि रक्षक त्याला "साहेब, या" म्हणतो. वयाचा मान मराठीत एरवी इतका पक्का, पण इथे पगाराने त्यावर मात केलेली असते. तेव्हा नियम करायचाच तर "तू म्हणू नये" असा नको. "जे संबोधन आपण वापरतो ते समोरच्याने आपल्याला वापरलेलं चालेल का, एवढं बघावं" असा करा.

नपुंसकलिंगाकडेही लक्ष ठेवा. "ते पोरगं दूध टाकून गेलं", "ते वॉचमनचं कार्टं". लाडात हे चालतं, पण परक्याच्या तोंडी ते माणसाला वस्तूच्या रांगेत बसवतं.

इतिवृत्त
बिलं आणि इतिवृत्ताबद्दल मी लिहितो. नियमाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत सोपा, आणि चुका सर्वांत जास्त इथेच.

बिलावर नाव कोणाचं, हा सौजन्याचा प्रश्न नाही. भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि नमुना "आय"मधली सभासद नोंदवही यांत पहिलं नाव ज्या व्यक्तीचं, तिच्याच नावाने बिल, सभेची सूचना आणि थकबाकीचं पत्र निघालं पाहिजे. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा "श्री." आधीच भरलेलं असतं आणि नावं जुन्या यादीवरून उचललेली असतात. म्हणून ११२ नावं नोंदवहीशी एकदा हाताने ताडून बघा. दोघांनी बसून केलं तर एका संध्याकाळचं काम आहे. बाईच्या मालकीच्या घराचं पत्र नवऱ्याच्या नावाने गेलं तर पुढे वसुलीच्या कारवाईतही अडचण येते, हे कार्यकारिणीला सांगा. "भावना" म्हणून जे पटत नाही ते "वसुली" म्हटल्यावर पटतं.

उपपदं सरळ काढून टाका. "श्री."वरून पुरुषाचं लग्न झालंय की नाही हे कळत नाही. "सौ." आणि "कु."वरून बाईचं कळतं. "श्रीमती" खरं तर कोणाही स्त्रीला चालावं, पण मराठीत तो विधवेसाठीच असल्यासारखा वाचला जातो, म्हणून तो लावला की कुजबुज सुरू होते. नुसतं नाव-आडनाव पुरे. एप्रिल २०२३ मध्ये शासकीय वापरात "विधवा"ऐवजी "गंगा भागीरथी" म्हणावं असा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा महिला संघटनांनी त्याला विरोध केला होता. त्यांचा आक्षेप बरोबर होता. नवरा आहे की नाही यावरून बाईची वर्गवारी तशीच राहणार होती, फक्त चिठ्ठी बदलणार होती.

अर्जाच्या नमुन्यात "पती/वडिलांचे नाव" हा रकाना असेल तर तोही काढा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्य शासनाने आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहायला लावलं आहे, आणि सोसायटीच्या अर्जात मात्र आईला जागाच नसते.

इतिवृत्तात एक खोड जवळजवळ सगळीकडे सापडते. "श्री. अमुक यांनी गळतीचा मुद्दा मांडला. श्री. तमुक यांनी खर्चाचा तपशील विचारला. महिला सभासदांनीही चर्चेत भाग घेतला." पुरुषांना नाव आणि मुद्दा, बायकांना एक घाऊक वाक्य. पुढच्या वर्षी कोणी पाहिलं तर त्या बाईने टाकीच्या सफाईबद्दल काय विचारलं होतं ते कुठेच सापडत नाही, आणि पाठपुरावा त्या कागदावरूनच होतो. प्रत्येक मुद्द्यापुढे नाव आणि सदनिका क्रमांक लिहा.

तसंच "चर्चेअंती सर्वानुमते मंजूर" हे ठोकळ्यातलं वाक्य. खरोखर सर्वानुमते असेल तरच ते लिहा. नाहीतर सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती, तटस्थ किती हे आकडे टाका. विरोध करणाऱ्याचं म्हणणं एका वाक्यात तरी यावं. त्याला पुढे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे जावंसं वाटलं तर त्याच्या हातात तेवढंच असतं.

कष्टकरी_ठाणे
"मदतनीस" लिहू नका. कामगार संघटनेतल्या बायका या शब्दावर चिडतात, आणि त्याचं कारण साधं आहे. मदत मर्जीने केली जाते, तिला पगार, वेळ आणि सुटी नसते. जी बाई रोज सहा घरांची धुणीभांडी करते ती मदत करत नाही, नोकरी करते. कायद्यात शब्द आहे: महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८. बोलताना "घरकामगार" म्हणा. रक्षकांसाठीही १९८१ च्या कायद्यातला शब्द "सुरक्षा रक्षक" हाच आहे, त्यामुळे तो ठेवा. "कामगार" म्हटलं की हक्क आले, म्हणूनच काहींना तो शब्द जड जातो.

हाच प्रश्न नात्याच्या शब्दांचा. मावशी, ताई, दादा, काका हे शब्द मराठी माणसाच्या तोंडात आपसूक येतात आणि बहुतेकदा प्रेमानेच येतात. त्यांवर बंदी घालायचं कारण नाही. पण "मावशी आमच्या घरातल्याच आहेत" हे वाक्य नेमकं केव्हा उच्चारलं जातं ते पाहा. पगारवाढ मागितली, दिवाळीला महिन्याचा पगार बोनस मागितला, चार दिवस गावाला जाते म्हणाली, की लगेच. नातं सांगितलं की हिशोब मागणं कृतघ्नपणाचं ठरतं. आणि "घरातल्या" मावशींचा कप वेगळा असतो. म्हणून तोंडी मावशी म्हणा, पण कागदावर पूर्ण नाव लिहा. तिला काय म्हटलेलं आवडेल हे तिलाच विचारा. पुष्कळ बायकांना नावापुढे "बाई" किंवा "ताई" चालतं. चाळिशीच्या आतल्या अनेकींना "मावशी" नको असतं.

तुमच्या हजेरी वहीत सर्वांत आधी एक शब्द बदला: खाडा. घराघरांतल्या कॅलेंडरवर आणि गेटच्या वहीत न आलेल्या प्रत्येक दिवसापुढे "खाडा" लिहितात. या शब्दात पगार कापणं गृहीतच आहे. ताप आला तरी खाडा, मुलाच्या शाळेत जायचं होतं तरी खाडा, सभासद स्वतः आठवडाभर गावाला गेले आणि "येऊ नकोस" म्हणाले तरी खाडा. शब्दच एक असल्यामुळे पगारी सुटी नावाची गोष्ट असू शकते हे कोणाच्या मनातच येत नाही. त्याऐवजी तीन रकाने करा: "सुटी, पगारी", "सुटी, बिनपगारी" आणि "काम दिलं नाही". तिसऱ्या रकान्यातला दिवस पगारातून कापायचा नाही. महिन्याला पगारी सुट्या किती हे सभासद आणि कामगार यांनी आपसांत ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. कामाची यादी, वेळ, पगार आणि पगाराची तारीखही तिथेच. भांडणं बहुतेक वेळा यादीत नसलेल्या कामावरून होतात ("एवढे चार पडदे धुवून टाक ना"), म्हणून "यादीबाहेरच्या कामाचे पैसे वेगळे" ही ओळ आठवणीने घाला.

गेटवरच्या मोबाइल अ‍ॅपमध्येही बघा. कामगारांचा प्रकार म्हणून "मेड", "बाई" असं काहीतरी आधीच भरलेलं असतं, तिला तारे देऊन गुणांकन होतं आणि ती आत-बाहेर गेल्याची वेळ सभासदाला जाते. तिला मात्र घर कसं आहे, पगार वेळेवर मिळतो का, हे कुठे नोंदवता येत नाही. निदान गुणांकनाची सोय बंद करा. सोसायटीच्या व्यवस्थापकाच्या खात्यातून ती बंद करता येत असेल तर ठराव घ्या आणि बंद करा.

रक्षक एजन्सीमार्फत असतील तर "माणूस बदलून द्या" ही भाषा पत्रव्यवहारातून काढा. या तीन शब्दांवर माणसाची नोकरी जाते आणि कारण कुठेच नोंदलेलं नसतं. काय घडलं, कधी घडलं, त्या रक्षकाचं म्हणणं काय, हे लिहिल्याशिवाय तसं पत्र निघू नये.

कोपरी_पूर्व
हिंदीबद्दल थोडंसं. ठाण्यात रक्षकांशी बहुतेक सगळे हिंदीतच बोलतात, आणि मराठीत "तुम्ही" म्हणणारा माणूस हिंदीत गेला की "तेरेको बोला ना" वर येतो. कित्येकदा हेतू वाईट नसतो. मुंबईच्या हिंदीत "आप" फारसं कानावर पडतच नाही. पण लखनौकडून किंवा बिहारमधून आलेल्या माणसाला ते झोंबतं. फलकावरच्या हिंदी मजकुरात क्रियापद "करें", "रखें", "ले जाएँ" असं ठेवा. "करो", "रखो" नको.

"भैया" जपून वापरा. उत्तरेत तो भावासाठीचा आपुलकीचा शब्द आहे. आपल्याकडे तो एका प्रांतातून आलेल्या गरीब माणसाचा शिक्का झाला आहे, आणि तो शिक्का बसताना ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. नाव विचारून "जी" लावा.

जातीवरून आलेले वाक्प्रचारही सूचनांत आणि भाषणांत सहज येऊन जातात: चांभारचौकशा, घिसाडघाई. लिहिणाऱ्याच्या मनात जात नसते, पण सभेत बसलेल्या कोणाच्या तरी आजोबांचा तो व्यवसाय होता. "नसत्या चौकशा" आणि "नको ती घाई" म्हटलं तरी अर्थ पुरेपूर पोचतो.

बेलापूरपट्टी
विषय सोसायटीचा असला तरी, गाळलेल्या कर्त्याचा जो मुद्दा "क्रियापद" यांनी मांडला तो खाडीच्या या बाजूला, नवी मुंबईत, किती मोठ्या प्रमाणावर चालला ते लिहायलाच हवं.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. कागदोपत्री वाक्य काय? "जमीन संपादित झाली." कोणी घेतली, कोणाकडून घेतली, हे दोन्ही त्या वाक्यात नाही. ज्यांची गेली त्यांना नाव मिळालं "प्रकल्पग्रस्त". पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसे प्रकल्पग्रस्त, जणू प्रकल्प ही नैसर्गिक आपत्ती होती. लोकांनी पुढे त्याच्या जोडीला "भूमिपुत्र" हा शब्द उचलला. त्या शब्दात निदान जमिनीशी नातं आहे.

त्याहून बोलका शब्द म्हणजे "गरजेपोटी". शहर वाढलं, गावठाणाच्या हद्दी मात्र जिथल्या तिथे राहिल्या. मुलं मोठी झाली, लग्नं झाली, लोकांनी घराला लागून घरं बांधली. सरकारी नोटिशीत त्यांना "अनधिकृत बांधकाम" आणि "अतिक्रमण" म्हटलं गेलं. आपल्याच वडिलोपार्जित जमिनीवर अतिक्रमण! गावकऱ्यांनी "गरजेपोटी बांधलेली घरं" असं म्हणायचं धरून ठेवलं. मोर्च्यांत, निवेदनांत, वर्तमानपत्रांना दिलेल्या पत्रांत हाच शब्द इतका लावून धरला की पुढे शासन निर्णयांतही "प्रकल्पग्रस्तांनी गरजेपोटी केलेली बांधकामे" असा उल्लेख येऊ लागला. हा बदल वरवरचा नाही. "अनधिकृत" म्हटलं की पुढचं क्रियापद "पाडणे" असतं. "गरजेपोटी" म्हटलं की पुढचं क्रियापद "नियमित करणे" होतं. शब्द स्वीकारला तेव्हाच अर्धा वाद जिंकला गेला होता. त्यामागे रक्तही आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली.

कायद्याच्या व्याख्येतही हेच. जुन्या, १८९४ च्या भूसंपादन कायद्यात भरपाई जमिनीच्या हितसंबंधांना होती, म्हणजे मुख्यतः सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. खाडीत मासे पकडणारा कोळी आणि मिठागरावर राबणारा मजूर त्या शब्दाच्या बाहेर राहिले. २०१३ च्या कायद्याने "बाधित कुटुंब" याची व्याख्या रुंद केली. जमीन नसली तरी संपादनापूर्वी तीन वर्षं तिथे राबून पोट भरणारे शेतमजूर, कुळं आणि कारागीर त्यात आले. पाण्यावर पोट असलेले मच्छीमारही आले. व्याख्येत चार शब्द वाढले की रांगेत हजारो माणसं वाढतात. नवी मुंबईची बहुतेक जमीन त्याआधीच गेली होती.

नावांचं थोडक्यात. स्टेशनच्या पाटीवर "सीवूड्स"सोबत "दारावे" आहे, पण घरांच्या जाहिरातींत दारावे उरलेलं नाही. तुमच्या घोडबंदर पट्ट्यातही पातलीपाडा, ओवळे, कोलशेत ही नावं संकुलांच्या इंग्रजी नावांमागे लपत चालली आहेत. सोसायटीच्या पत्त्यात गावाचं नाव ठेवा. गाव तिथे आधीपासून आहे हे लेटरहेडवर दिसू द्या.

गावठाणातली मुलं शाळेत "पानी" म्हणाली की "अशुद्ध" ठरतात, हाही याच विषयाचा भाग आहे, पण त्यावर स्वतंत्र धागा काढायला हवा.

तलावपाळी
"क्रियापद" यांचा कर्मणी प्रयोगावरचा आक्षेप मला पूर्ण मान्य नाही. शासकीय मराठीत "करण्यात येत आहे" येतं त्यामागे कारण आहे: निर्णय व्यक्तीचा नसतो, पदाचा असतो. "मी आपला अर्ज नामंजूर करतो" असं लिहिलं तर बदली झाल्यावर त्या "मी"चा अर्थ काय? कर्ता गाळणं हा दोष नाही. पद गाळणं हा दोष आहे. "प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांकडून अर्ज नामंजूर करण्यात येत आहे" हे वाक्य कर्मणी असूनही जबाबदारी लपवत नाही.

नागरिकाने काय करावं हे मात्र सांगतो, कारण सत्तेची भाषा दोन्ही बाजूंनी लिहिली जाते. महापालिकेला जाणारे अर्ज अजून "मे. साहेबांच्या सेवेशी" ने सुरू होतात आणि "उपकृत करावे ही नम्र विनंती" ने संपतात. जी सेवा कायद्याने मिळायची ती उपकार म्हणून मागितली की नकारही मर्जीचा भाग होतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवेला मुदत असते, पदनिर्देशित अधिकारी ठरलेला असतो, आणि पहिलं व दुसरं अपील असतं. ही माहिती कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. अर्ज असा लिहा: "प्रति, सहायक आयुक्त, माजिवडा-मानपाडा प्रभाग समिती. विषय. सेवेचे नाव. विहित मुदत. निर्णय लेखी कळवावा. नामंजूर झाल्यास कारण व अपील अधिकाऱ्याचे पदनाम नमूद करावे." अर्ज दिल्याची पोच तारखेसह घ्या. मुदत त्या तारखेपासून मोजली जाते. "कळवावा" पुरेसं सभ्य आहे.

क्रियापद
तलावपाळी, दुरुस्ती मान्य. पद असेल तर कर्मणी चालेल. सोसायटीच्या फलकावर मात्र पदही नसतं, माझं म्हणणं तेवढ्यापुरतं.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार. "मदतनीस" बाद केला. बिलांची नावं नोंदवहीशी ताडायला दोघांना सांगितलं आहे. तीन रकान्यांची वही छापायला टाकण्याआधी सभेपुढे ठेवते. सुधारलेला मसुदा असा:

"(१) गॅस सिलिंडर, फर्निचर, बांधकामाचा माल व मोठी खोकी मागच्या लिफ्टने न्यावीत. बाकी सर्वांनी कोणतीही लिफ्ट वापरावी.
(२) वाहन नेमून दिलेल्या जागेतच लावावे. तसे न केल्यास सचिव लेखी सूचना देतील व सभेने ठरवलेला दंड बिलात लावतील.
(३) रात्री ११ नंतर जिन्यात व आवारात आवाज कमी ठेवावा. हे सर्व रहिवाशांना लागू आहे.
(४) गेटपास रद्द करण्याचा निर्णय फक्त सचिव घेतील. त्याआधी ते संबंधित व्यक्तीचे म्हणणे ऐकतील. निर्णय कारणासह लेखी दिला जाईल. तक्रार असल्यास कामगारांनी अध्यक्षांकडे द्यावी."

क्रियापद
चांगला झाला आहे. तीन ठिकाणी हात फिरवा.

(४)मध्ये शेवटी "कामगारांनी" आहे. गेटपास असलेल्यांत शिकवणीचे शिक्षक आणि परिचारिकाही असतात. "संबंधित व्यक्तीने" करा. आणि "लेखी दिला जाईल" इथे पुन्हा देणारा हरवला. "निर्णय कारणासह लेखी देतील" करा, म्हणजे सचिवच कर्ता राहतात.

(२)मध्ये दंड आहे आणि (१)मध्ये नाही. मागच्या लिफ्टचा नियम सभासदाने मोडला तर काय, ते सभेत ठरवून घ्या. नाहीतर गेटवर तो नियम पुन्हा फक्त कामगारांना लावला जाईल.

मजकूर मराठी आणि हिंदीत शेजारी-शेजारी, सारख्याच अक्षरांत छापा. एक भाषा वर मोठी आणि दुसरी खाली बारीक असं नको. लिफ्टजवळ एक आणि गेटच्या खोलीत एक, अशा दोन प्रती लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना सचिवांनी पहिल्या आठवड्यात सकाळच्या पाळीला गेटवर उभं राहून (४) वाचून दाखवावा. रक्षकाकडे ते काम देऊ नका. उद्या पास रद्द झाला तर तो निर्णय सचिवांचाच असेल, तेव्हा ते कोण हे त्यांना दिसलेलं असावं.